रंग आला, आकडे मात्र तिथेच

जुन्या अमेरिकी विनोदी मालिकांच्या चाहत्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. मालिका ब्लॅक अँड व्हाइट होती तोवर धमाल होती, रंगीत झाली आणि मजाच गेली. याच्या बरोबर उलट बोलणारेही भेटतात. त्यांच्या मते रंग आला म्हणूनच लोक टीव्हीसमोर खिळले आणि रेटिंग चढलं. दोन्ही बाजू ठाम असतात आणि दोघंही साक्षीला एकच मालिका उभी करतात.

ती म्हणजे 'द अँडी ग्रिफिथ शो'. नॉर्थ कॅरोलायनातलं मेबेरी नावाचं काल्पनिक गाव, तिथला शांत स्वभावाचा विधुर शेरीफ, त्याचा लहान मुलगा, घर सांभाळणारी बी आत्या, आणि बंदुकीची एकुलती एक गोळी शर्टाच्या खिशात ठेवून फिरणारा उतावळा डेप्युटी बार्नी फाइफ. १९६० ते १९६५ या पाच वर्षांत हिचे १५९ भाग कृष्णधवल निघाले. पुढच्या तीन वर्षांतले ९० भाग रंगीत. आणि शेवटच्या, म्हणजे १९६७-६८च्या वर्षात ही मालिका साऱ्या देशात पहिली आली.

रंगीत झाल्यावर पहिला नंबर आला, म्हणजे रंगाचा फायदा झाला, असं कुणालाही वाटेल. पण नंबर आणि मार्क यांत फरक असतो, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. एखाद्या वर्षी पेपर अवघड निघतो आणि ८५ टक्क्यांना पहिला नंबर मिळतो, तर दुसऱ्या वर्षी ९० टक्के मिळवणारा सहावा येतो. इथे अगदी तेच झालं. १९६२-६३ मध्ये, कृष्णधवल असताना, मालिकेचं रेटिंग होतं २९.७ आणि क्रमांक सहावा. १९६७-६८ मध्ये, रंगीत असताना, रेटिंग २७.६ आणि क्रमांक पहिला. मार्क दोनेक कमी, नंबर मात्र पाचने वर.

आता हे मार्क कसले, ते पाहू. आपण ज्याला सरसकट टीआरपी म्हणतो, त्याचाच हा जुना अमेरिकी अवतार. नील्सन कंपनीने देशभरातल्या साधारण बाराशे घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असायचं. संच कधी चालू झाला आणि कोणत्या वाहिनीवर होता, याची नोंद ते करायचं. टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत तो कार्यक्रम लागला होता, तो आकडा म्हणजे रेटिंग. १९६५च्या सुमारास अमेरिकेत टीव्ही असलेली घरं सव्वापाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे सुमारे सव्वापाच लाख घरं. माणसांनी आवडीने पाहिलं की टीव्ही लावून भांडी घासली, हे यंत्राला कळत नव्हतं. पडदा रंगीत की करडा, याच्याशी तर रेटिंगच्या एका आकड्याला काहीच देणंघेणं नव्हतं.

या साऱ्या प्रश्नाची किल्ली त्या शंभर घरांतच आहे. १९६५च्या शरद ऋतूत मालिका भराभर रंगीत झाल्या, तेव्हा शंभरांतल्या जेमतेम पाच-सहा घरांत रंगीत संच होता. पुढच्या वर्षी तो आकडा दहाच्या घरात गेला, १९७० मध्ये चाळिसाच्या जवळ, आणि निम्मी घरं रंगीत व्हायला १९७२ उजाडलं. म्हणजे ज्या आठवड्यात अँडी आणि बी आत्या रंगात न्हाऊन निघाले, त्या आठवड्यात देशातल्या नव्वदहून अधिक टक्के घरांना पडद्यावर काहीही बदल दिसला नाही.

तो का दिसला नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. १९५३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्या दूरसंचार आयोगाने जी रंगीत पद्धत मंजूर केली, तिची मुख्य अट अशी होती की घराघरांत असलेले जुने संच भंगारात जाता कामा नयेत. म्हणून प्रक्षेपणात उजेड-अंधाराचा मूळ संकेत पूर्वीसारखाच ठेवला आणि रंगांची माहिती त्याच लहरींत वेगळ्या उपवाहक लहरीवर बसवून पाठवली. पोथीच्या समासात बारीक अक्षरात टीप लिहावी, तसं. ज्याला टीप वाचता येते तो वाचतो, ज्याला येत नाही त्याची पोथी अडत नाही. जुना संच समास सोडून मजकूर वाचायचा आणि नेहमीचं करडं चित्र दाखवायचा. ही हुशारी होती म्हणूनच रंगीत टीव्ही अमेरिकेत रुजला. पण तिच्यामुळेच रंगाचा रेटिंगवरचा परिणाम सुरुवातीला नगण्य राहिला.

किती नगण्य, ते साध्या गणिताने पाहता येईल. आकडे सोयीसाठी मी धरतो आहे. समजा एका मालिकेचं रेटिंग २५ आहे आणि शंभरांतल्या सहा घरांत रंगीत संच आहे. त्या सहांपैकी दीड घर ती मालिका पाहत होतं. आता मालिका रंगीत झाली आणि या सहा घरांत तिचे प्रेक्षक दीडपट झाले, जे खरं तर फारच झालं. म्हणजे दीडाचं सव्वादोन. वाढ पाऊण घराची, आणि रेटिंग २५ वरून पावणेसव्वीस. बाराशे घरांच्या नमुन्यात एखाद्या रात्रीचा आकडा एक-दोन पॉइंट इकडेतिकडे होणं सहज शक्य असतं. त्या हेलकाव्यात ही पाऊण पॉइंटची वाढ शोधून काढणं म्हणजे भरतीच्या समुद्रात तांब्याभर पाणी ओतून पातळी मोजण्यासारखं.

शिवाय रंगीत घरांमधली ही आघाडी टिकायची कधीपर्यंत? समोरच्या वाहिनीवरचा कार्यक्रम कृष्णधवल आहे तोपर्यंतच. तेव्हा अमेरिकेत मोठ्या वाहिन्या तीनच होत्या, एनबीसी, सीबीएस आणि एबीसी. यातली एनबीसी होती आरसीए कंपनीची, आणि आरसीए रंगीत संच बनवत होती. १९५४ मधला त्यांचा पहिला संच एक हजार डॉलरचा होता. लोकांनी तो घ्यावा म्हणून रंगीत कार्यक्रम दाखवणं एनबीसीला भागच होतं. सीबीएसचं गणित उलटं. आपण रंगीत कार्यक्रम करायचे आणि गल्ला भरायचा प्रतिस्पर्ध्याचा, म्हणून ते वर्षानुवर्षं चालढकल करत राहिले. एबीसीकडे तर पैशाचीच चणचण. १९६५-६६ मध्ये एनबीसीच्या संध्याकाळच्या मालिकांपैकी दोन सोडून बाकी सगळ्या रंगीत झाल्या, आणि मग बाकी दोघांनाही पळावं लागलं. १९६६-६७ मध्ये तिन्ही वाहिन्यांची संध्याकाळ रंगीत झाली. म्हणजे रंगाचा वेगळेपणा एका वर्षात संपला. लग्नात सगळ्याच बायका पैठणी नेसून आल्या, तर पैठणीमुळे कुणी उठून दिसत नाही.

आता खरे आकडे. बेव्हर्ली हिल्समध्ये येऊन राहिलेल्या तेलश्रीमंत खेडुतांची मालिका 'द बेव्हर्ली हिलबिलीज' पहिली दोन्ही वर्षं देशात पहिली होती आणि १९६३-६४ मध्ये तिचं रेटिंग ३९.१ होतं. आज कुठल्याही वाहिनीला स्वप्नातही पडणार नाही असा आकडा. पुढच्या वर्षी ते धाडकन २५.६ वर आलं. तेव्हाही मालिका कृष्णधवलच होती, त्यामुळे या घसरणीचं खापर रंगावर फोडता येत नाही. १९६५ मध्ये रंग आला आणि रेटिंग झालं २५.९. म्हणजे जवळजवळ होतं तिथेच.

'बीविच्ड'चंही तसंच. नाक हलवून जादू करणाऱ्या समँथाची ही मालिका १९६४-६५ मध्ये ३१ रेटिंगने दुसरी आली. दुसऱ्या वर्षी, कृष्णधवलच असताना, २५.९ आणि सातवी. तिसऱ्या वर्षी रंगीत झाल्यावर २३.४ आणि पुन्हा सातवी. गुण घटले, नंबर तोच. 'गोमर पाइल' ही विनोदी मालिका मात्र रंगीत होताना ३०.७ वरून २७.८ वर येऊनही तिसऱ्याची दुसरी झाली.

एक गोष्ट लक्षात आली असेल. सगळ्यांचेच गुण हळूहळू उतरताहेत. त्याचं मोठं कारण म्हणजे १९६४ पासून एबीसी खरोखर स्पर्धेत उतरली. आधी भाकरीचे अडीच तुकडे होते, आता तीन झाले, त्यामुळे प्रत्येकाचा तुकडा लहान झाला. रंगीत वर्षांचं रेटिंग कृष्णधवल वर्षांपेक्षा कमी दिसतं, ते बऱ्याच अंशी यामुळे.

मग 'रंग आल्यावर मजा गेली' ही भावना खोटी म्हणायची का? मुळीच नाही. फक्त तिचा गुन्हेगार वेगळा आहे. बार्नीचं काम करणारे डॉन नॉट्स पाचव्या वर्षाअखेर मालिका सोडून गेले. पाच वर्षांनी मालिका संपणार असं गृहीत धरून त्यांनी चित्रपटांचा करार केला होता. म्हणजे सहाव्या वर्षी रंग आला आणि त्याच वेळी बार्नी गेला. प्रेक्षकाच्या आठवणीत ही दोन्ही पानं एकमेकांना चिकटली. बार्नीशिवायचं मेबेरी फिकं वाटतं आणि नेमकं तेच रंगीत आहे.

१९६५ साली हे अनेक मालिकांत झालं. 'माय थ्री सन्स' एबीसीवर होती. रंगीत चित्रीकरणाचा खर्च उचलायला एबीसी तयार होईना, तेव्हा मालिका सीबीएसवर गेली. त्याच सुमारास तिथले म्हातारे आजोबा, विल्यम फ्रॉली, प्रकृतीमुळे बाहेर पडले होते, आणि थोरला मुलगाही मालिकेतून गेला. नवी वाहिनी, नवी माणसं, नवा रंग, सगळं एकदम. क्रमांक तेराव्याचा पंधरावा झाला. यातलं रंगामुळे किती आणि आजोबांमुळे किती, हे कोण सांगणार?

मला सगळ्यात मजेदार वाटते ती 'द लूसी शो'ची गोष्ट, कारण ती जवळजवळ प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखी आहे. मालिकेच्या नायिका लूसिल बॉल यांची स्वतःची निर्मितिसंस्था होती, डेसिलू. १९६३ मध्ये, मालिकेच्या दुसऱ्याच वर्षी, तिथे रंगीत फिल्मवर चित्रीकरण सुरू झालं. पण सीबीएस दाखवणार कृष्णधवलच! दोन वर्षं भाग रंगीत तयार होत होते आणि करडे होऊन घरोघर पोचत होते. १९६५ मध्ये सीबीएसने अखेर रंग दाखवायला सुरुवात केली. म्हणजे फिल्म तीच, बाई तीच, विनोदही त्याच जातीचा, फक्त पाठवण्यात फरक. रेटिंग २६.६ वरून २७.७ झालं, आठव्याची तिसरी. एक पॉइंट वाढ! रंगवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण थोडं जपून. त्याच वर्षी लूसीची जोडीदार व्हिव्हियन व्हॅन्स नियमित भूमिकेतून बाहेर पडली आणि कथानक कॅलिफोर्नियाला हललं. प्रयोगशाळेची खिडकी उघडी राहिली ती राहिलीच.

रंगापेक्षा ताकदवान गोष्ट म्हणजे वार आणि वेळ. याचं उत्तम उदाहरण विनोदी नाही, पण एका विनोदी मालिकेच्या जिवावर उठलेलं आहे. 'गनस्मोक' ही जुनी काऊबॉय मालिका १९६६ मध्ये प्रथम रंगीत झाली आणि त्याच वर्षी चौतिसाव्या क्रमांकापर्यंत घसरली. सीबीएसने ती बंद करायचं ठरवलं. वाहिनीचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांनी ती परत आणायला लावली, पण तिला जागा करून द्यायची तर दुसऱ्या कुणाला तरी हटवणं आलं. बळी गेला 'गिलिगन्स आयलंड'चा. निर्जन बेटावर अडकलेल्या सात जणांची ही बाळबोध, गोड मालिका पहिल्या कृष्णधवल वर्षी अठरावी होती, रंगीत झाल्यावर बाविसावी, आणि तिसऱ्या वर्षी यादीत आणखी बरीच खाली. तीन वर्षांत तिला तीन वेगवेगळे वार मिळाले होते, हे विसरू नये. निळा समुद्र, हिरवे माड, जिंजरचे चमकते झगे, म्हणजे रंगासाठीच जन्माला आलेली मालिका, तरी रंगाने तिला तारलं नाही. तिकडे सोमवारी संध्याकाळी आणलेली 'गनस्मोक' पुढच्याच वर्षी चौथी आली. रंग दोन्ही वर्षी होता. बदलला होता तो वार आणि वेळ.

मग रंगाने काहीच केलं नाही का? केलं. रंग असल्याने विशेष मिळालं नाही, पण तो नसणं महाग पडू लागलं. 'द मन्स्टर्स' घ्या. भुतांच्या सिनेमातल्या राक्षसांचं एक साधंसुधं मध्यमवर्गीय कुटुंब. पहिल्या वर्षी 'गिलिगन'च्याच बरोबरीने अठराव्या क्रमांकावर. दोन्ही वर्षं ती कृष्णधवल राहिली. जुन्या भयपटांची नक्कल करायची तर करडा रंगच शोभतो, हेही खरं, आणि पैसे वाचतात, हेही खरं. १२ जानेवारी १९६६ला एबीसीवर 'बॅटमॅन' सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि गुरुवारी. गुरुवारी साडेसातला एकीकडे मन्स्टर्स कुटुंब, दुसरीकडे जांभळा सूट घातलेला जोकर. बॅटमॅनच्या गुरुवारच्या भागांनी त्या वर्षी २७ रेटिंग मिळवून पाचवा क्रमांक पटकावला, आणि मन्स्टर्सचा संसार त्याच उन्हाळ्याच्या आधी आटोपला. मुलांना बॅटमॅन आवडला तो केवळ रंगामुळे नव्हे. त्याचा झपाटा आणि थिल्लरपणाच नवा होता. पण शेजारच्या रंगीत संचावर तो एकदा पाहिलेल्या मुलाला घरी परत भुताकडे वळवणं अवघड होतं, एवढं समजू शकतं.

जाहिरातदारांचाही हिशेब होता. हजार डॉलर नाही, तरी काहीशे डॉलर टाकून रंगीत संच घेणारं घर म्हणजे खिशात पैसा असलेलं घर. शंभरांतली सहा घरं रेटिंगमध्ये दिसत नसतील, पण साबण आणि गाड्या विकणाऱ्यांना ती नेमकी दिसत होती. शिवाय आपल्या केकच्या पुड्याचा लाल रंग लालच दिसावा, ही त्यांची हौस वेगळी. त्यामुळे वाहिन्या रंगाकडे धावल्या त्या प्रेक्षकसंख्येपेक्षा जाहिरातीच्या तिजोरीकडे पाहून.

सगळेच धावले असं नाही. 'द डिक व्हॅन डाइक शो' पाचही वर्षं, १५८ भाग, कृष्णधवलच राहिला. मध्ये एकदा रंगाचा विचार झाला होता, पण दर भागामागे काही हजार डॉलरचा वाढीव खर्च पाहून तो सोडून दिला. रंगीत चित्रीकरण म्हणजे फक्त महागडी फिल्म नव्हे. तिला प्रकाश जास्त लागतो, धुलाई-छपाई महाग, आणि भिंतींपासून टायपर्यंत सगळं नव्याने जुळवावं लागतं, कारण करड्या छटा नीट याव्यात म्हणून सेटवर वाटेल ते रंग फासलेले असायचे. 'द अॅडम्स फॅमिली'च्या त्या भेसूर दिवाणखान्यात खरोखर गुलाबी रंग होता, हे कळल्यावर मी बराच वेळ हसत होतो. तर डिक व्हॅन डाइकची मालिका करड्या अंगानेच शेवटच्या वर्षी सोळावी आली, सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार घेऊन गेली, आणि करणाऱ्यांनी आपणहून ती थांबवली.

आपल्याकडे ही कसोटी कधी लागलीच नाही. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा वाहिनीच एक होती. रंगीत असो वा करडं, लोक तेच पाहणार होते. उलट, 'आय ड्रीम ऑफ जीनी'मधली बाटलीत राहणारी जीनी आणि 'बीविच्ड'ची समँथा आपल्यातल्या अनेकांना भेटल्या त्या नव्वदीच्या दशकात, सोनीवर, चक्क हिंदी बोलताना. आणि तीस वर्षं जुनी मालिका तेव्हा विकली जात होती, याच गोष्टीत रंगाची खरी कमाई दडली आहे.

'आय ड्रीम ऑफ जीनी' ही एनबीसीच्या त्या दोन रंगहीन राहिलेल्या मालिकांपैकी एक. पहिल्या वर्षी, १९६५-६६ मध्ये, ती कृष्णधवल होती आणि सत्ताविसावी आली. दुसऱ्या वर्षी रंग आला, जीनीची बाटली जांभळी झाली, आणि मालिका पहिल्या तिसांतून बाहेर गेली. तत्कालीन रेटिंगच्या वहीत रंगाच्या नावापुढे इथेही शून्यच. पण मालिका बंद पडल्यावर तिचे भाग गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकले जाऊ लागले. दुपारी शाळेतून घरी आलेली मुलं ते पाहायची. सत्तरीच्या दशकात घराघरांत रंगीत संच आले, तशी या वाहिन्यांना करडे भाग नकोसे झाले. जीनीचं पहिलं वर्ष आणि 'बीविच्ड'ची पहिली दोन वर्षं बरेचदा या गठ्ठ्यांतून वगळलेलीच असायची. पुढे संगणकाने रंगवल्यावर ती परत आली. ज्या रंगाने १९६६ मध्ये पाऊण पॉइंटही धड मिळवून दिला नसेल, त्याने पुढची तीस वर्षं कोण दिसणार आणि कोण कपाटात राहणार हे ठरवलं. लूसिल बॉल यांनी १९६३ मध्येच महागडी फिल्म का वापरली, हे आता कळतं. त्या सीबीएससाठी नव्हे, पुढच्या गिऱ्हाइकासाठी चित्रीकरण करत होत्या.

नियमाला अपवाद आहेतच. लूसिल बॉल यांचीच आधीची 'आय लव्ह लूसी' पूर्ण कृष्णधवल असूनही पुनःप्रक्षेपणात कधी मागे पडली नाही. आणि पुनःप्रक्षेपणात मेबेरीचे करडे, बार्नी असलेले भागच चाहते शोधून शोधून पाहतात.

डिसेंबर २०१६ मध्ये सीबीएसने डिक व्हॅन डाइकच्या मालिकेचे दोन भाग संगणकाने रंगवून, एका रविवारी रात्री पुन्हा दाखवले. मूळ मालिका बंद होऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. कोणते दोन भाग रंगवायचे ते मालिकेचे जनक कार्ल रायनर यांनी स्वतः निवडून दिले. तेव्हा ते चौऱ्याण्णव वर्षांचे होते.